नाकी नऊ आणणारी शिंक आणि चिनी वैद्यक

मराठी भाषेने नाकाला जेवढा मान दिला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या अवयवाला दिला असेल. सरळ माणूस नाकासमोर चालतो, चोखंदळ माणूस नाक मुरडतो, चौकस माणूस नको तेथे नाक खुपसतो. अब्रू गेली की नाक कापले जाते, त्रास असह्य झाला की नाकी नऊ येतात आणि ठरलेले काम अडले की कोठेतरी माशी शिंकते. इतके असूनही प्रत्यक्ष नाकाच्या दुखण्याकडे मात्र आपण फारसे गांभीर्याने पाहत नाही. "साधी सर्दीच तर आहे," असे म्हणून आपण ते उडवून लावतो.

ज्याला हे दुखणे असते त्याला विचारावे. सकाळी अंथरुणातून उठताच एकामागून एक दहा-पंधरा शिंका, नळ गळावा तसे गळणारे नाक, टाळूला आणि डोळ्यांना सुटणारी खाज आणि रात्री दोन्ही नाकपुड्या बंद झाल्यामुळे उघड्या तोंडाने काढलेली झोप! ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचे कपाट उघडले की अशा विद्यार्थ्याला पुस्तकाआधी रुमाल शोधावा लागतो. वर्गात तो शरीराने हजर असतो, पण डोके जड झालेले असते. आणि शिंका थांबवण्यासाठी गोळी घ्यावी, तर जुन्या प्रकारच्या गोळीने झोप येते. शिवाय हा प्रश्न नाकापुरताच राहत नाही. दमा असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना नाकाचीही ॲलर्जी असते आणि नाकाकडे दुर्लक्ष केल्यास दमा आटोक्यात ठेवणे अवघड जाते. म्हणजे हे दुखणे जीवघेणे नसले तरी जीव मेटाकुटीस आणणारे खास आहे.

असा माणूस साहजिकच निरनिराळे दरवाजे ठोठावतो. त्यांपैकी एक दरवाजा चिनी वैद्यकाचा असतो. कोणी त्याला सुया टोचून घेण्यास सांगतो, कोणी चिनी काढ्याची पुडी आणून देतो, कोणी "ही चिनी गोळी पूर्ण वनस्पतींची आहे, तिचा काही अपाय नाही," अशी ग्वाही देतो. या वैद्यकाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते ते हजारो वर्षांचे अचूक ज्ञान आहे. दुसऱ्या मते ती निव्वळ भोंदूगिरी आहे. वस्तुतः दोन्ही मतांत विचाराचा आळस आहे. चिनी वैद्यकाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा की, रोगाचे ते जे स्पष्टीकरण देते ते खरे आहे काय? आणि दुसरा असा की, ते जो उपचार करते त्याने गुण येतो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही. प्रस्तुत लेखाचा सारा खटाटोप एवढीच गोष्ट स्पष्ट करण्यासाठी आहे.

आधुनिक वैद्यक काय सांगते?

प्रथम आपल्या परिचयाच्या बाजूने सुरुवात करू. इ. स. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने दर उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या नाका-डोळ्यांच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण दुसरा कोणी नसून तो स्वतःच होता. या विकाराला पुढे 'हे फीव्हर' म्हणजे 'गवताचा ताप' असे नाव पडले; पण त्यात बहुधा ताप नसतो आणि दोष कापलेल्या गवताचाही नसतो. खरा अपराधी फुलांचे पराग आहेत, हे चार्ल्स ब्लॅकली याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून १८७३ मध्ये दाखवून दिले. 'ॲलर्जी' हा शब्द तर त्याहूनही अलीकडचा. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये घडवला.

आज आपणांस एवढे माहीत आहे की, ॲलर्जी हा शरीराच्या दुबळेपणाचा नव्हे, तर गैरसमजाचा प्रकार आहे. पराग, घरातील धुळीत राहणारे अतिसूक्ष्म कीटक, बुरशी, मांजराच्या अंगावरचा कोंडा या वस्तू स्वतः निरुपद्रवी असतात. परंतु काही लोकांचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिपिंडांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास लागला. ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच पराग आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात आणि मग खाज, शिंका, पाणी व सूज अशी सारी वरात निघते. यावर उपाय तीन प्रकारचे: त्या वस्तूपासून दूर राहणे, हिस्टामीनविरोधी गोळ्या किंवा नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा, आणि ज्या वस्तूची ॲलर्जी आहे तिचेच अल्प प्रमाण दीर्घकाळ देऊन शरीराला तिची सवय लावणे. हा शेवटचा मार्ग १९११ मध्ये लंडनमध्ये प्रथम चोखाळला गेला.

हे उपाय बहुतेकांना उपयोगी पडतात. पण ते रोज करावे लागतात आणि पहिले दोन थांबवले की त्रास परत येतो. "मुळापासून बरे करणारे काही आहे काय?" हा प्रश्न रुग्णाच्या मनात येतो तो येथेच.

फुप्फुसाचे दार

चिनी वैद्यकाने या दुखण्याला 'बी-च्यू' असे नाव दिले आहे. 'बी' म्हणजे नाक आणि 'च्यू' म्हणजे त्यातून गळणारे पातळ पाणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या आद्य ग्रंथात हा शब्द येतो. त्या ग्रंथाची भूमिका अशी की, शरीरातील प्रत्येक प्रमुख इंद्रियाला बाहेर उघडणारे एक दार असते. यकृताचे दार डोळे, मूत्रपिंडाचे दार कान, तर फुप्फुसाचे दार म्हणजे नाक. म्हणून दारातून पाणी गळू लागले की चिनी वैद्य दार दुरुस्त करीत नाही. घरात काय बिघडले आहे ते पाहतो.

घरात काय बिघडते? चिनी कल्पनेनुसार शरीरात 'ची' नावाची चेतनाशक्ती वाहत असते. तिचा एक प्रकार 'वेइ-ची', म्हणजे पहारा देणारी शक्ती. ती त्वचेखाली आणि नाकाघशात फिरत राहते आणि बाहेरच्या उपद्रवांना थोपवते. या उपद्रवांत सर्वांत खट्याळ तो 'फेंग', म्हणजे वारा. तो अचानक येतो, अचानक जातो, शरीराच्या वरच्या भागावर हल्ला करतो आणि थंडीला बरोबर घेऊन येतो. पहारा ढिला असला की वारा आत शिरतो. त्याला बाहेर हाकलण्याचा शरीराचा प्रयत्न म्हणजे शिंक. आता हा पहारा ढिला का पडतो? कधी फुप्फुसाची शक्ती कमी पडते म्हणून. कधी प्लीहा अन्नातून पुरेशी शक्ती निर्माण करीत नाही म्हणून. आणि दुखणे फार जुने असेल तर मूत्रपिंडातील मूळची ऊब कमी झाली म्हणून.

मराठी वाचकाला हे वर्णन अगदीच परके वाटू नये. आपल्या आजीलाही नातवाला शिंका आल्या की "वारं लागलं पोराला" असेच वाटते आणि ती त्याचे कान बांधते. मात्र एक खबरदारी घेतली पाहिजे. चिनी वैद्यकातील 'फुप्फुस' किंवा 'प्लीहा' म्हणजे शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणारे अवयव नव्हेत. ती शरीराच्या कार्यांना दिलेली नावे आहेत. "तुमची प्लीहा अशक्त आहे," असे चिनी वैद्याने म्हटले म्हणून सोनोग्राफी करून घेण्याचे कारण नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा चटकन पटेल: शब्द एक आणि अर्थ दोन असले की वाद होतात आणि ते अकारण होतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आयजीई प्रतिपिंडे आणि मास्ट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली व प्रयोगशाळेत दाखवता येतात. 'वेइ-ची' तशी दाखवता येत नाही. रोगाचे कारण म्हणून वारा आणि ढिला पहारा ही एक बोलकी उपमा आहे, शास्त्रीय सिद्धान्त नव्हे. गंमत अशी की, उपमा म्हणूनही ती एका ठिकाणी उलटी पडते. कारण ॲलर्जीत पहारेकरी झोपलेला नसतो, तो गरजेपेक्षा जास्त जागा असतो! परंतु उपमा चुकीची ठरली म्हणून औषधही निकामी ठरले, असे म्हणता येत नाही. त्यासाठी औषधांकडेच वळले पाहिजे.

काढे आणि चूर्णे

चिनी वैद्य रुग्णाची जीभ पाहतो आणि दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटे ठेवून नाडी पाहतो. पाणी पातळ आहे की घट्ट, थंडीने वाढते की उष्णतेने, भूक कशी आहे, पाय गार पडतात काय, असे अनेक प्रश्न विचारतो. त्यावरून तो रुग्णाचा प्रकार ठरवतो. म्हणून शिंका येणाऱ्या दोघा भावांना दोन वेगळे काढे मिळू शकतात. "रोग एक, उपचार अनेक" हे त्या शास्त्राचे तत्त्वच आहे.

नाकाच्या ॲलर्जीसाठी जे योग नेहमी वापरले जातात त्यांपैकी तीन पाहू.

पहिला 'यू-पिंग-फेंग सान'. या नावाचा अर्थ 'वाऱ्याला अडवणारा जेड दगडाचा पडदा' असा होतो. चौदाव्या शतकातील प्रसिद्ध वैद्य झू दान्शी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात तो आढळतो. त्यात अवघ्या तीन मुळ्या आहेत: 'ह्वांग-ची', 'बाइ-झू' आणि 'फांग-फेंग'. यांतील तिसऱ्या वनस्पतीच्या नावाचाच अर्थ 'वाऱ्यापासून रक्षण' असा आहे. हा योग शिंका चालू असताना थांबवण्यासाठी नव्हे, तर त्रासाचा ऋतू येण्याआधी पहारा बळकट करण्यासाठी देतात.

दुसरा 'त्सांग-अर सान'. हा तेराव्या शतकातील आहे. नाक चोंदले आणि कपाळ दुखू लागले की हा द्यावयाचा. यात पुदिन्याच्या जातीची पाने, एक सुगंधी मूळ, मॅग्नोलियाच्या न उमललेल्या कळ्या आणि काटेरी बोंडे असतात. मॅग्नोलियाच्या कळीवर मऊ लव असते आणि ती घशात टोचू नये म्हणून कळ्या फडक्यात बांधून उकळतात. काटेरी बोंडे ज्या झुडपाची असतात ते झांथियम आपल्याकडे ओढ्याकाठी आणि पडीक जमिनीत माजते; शेळ्यामेंढ्यांच्या लोकरीला आणि आपल्या कपड्यांना चिकटणारी ती बोंडे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेली आहेत. ही बोंडे विषारी असतात. म्हणून चिनी औषधशाळेत ती भाजून, काटे काढून, मोजक्या प्रमाणात वापरतात. हे वाचून कोणी ओढ्याकाठची बोंडे उकळून पिण्याचा उद्योग करू नये.

तिसरा 'शियाओ-चिंग-लाँग तांग', म्हणजे 'लहान निळ्या-हिरव्या ड्रॅगनचा काढा'. हा सर्वांत जुना. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या झांग झाँगजिंग या वैद्याच्या ग्रंथातला. पाण्यासारखे नाक गळणे, शिंका, कफ आणि अंगात भरलेली थंडी यांवर तो देतात. यातील आठ द्रव्यांपैकी सुंठ, ज्येष्ठमध आणि दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या आपल्या ओळखीच्या आहेत. ('दालचिनी' या शब्दातच चीन दडलेला आहे, मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'चिनी लाकूड' असा.) जपानमध्ये हाच काढा 'शोसेइर्यूतो' या नावाने ओळखला जातो. तेथे वसंत ऋतूत देवदारासारख्या सुगी वृक्षांचे पराग हवेत पसरतात तेव्हा आधुनिक डॉक्टरही तो लिहून देतात.

काढ्याची कृती आपल्या आयुर्वेदिक काढ्यासारखीच आहे. मातीच्या भांड्यात द्रव्ये प्रथम भिजत घालायची, मग उकळायची, पाणी गाळून घ्यायचे, पुन्हा नवे पाणी घालून उकळायचे आणि दोन्ही पाणी एकत्र करून दिवसातून दोनदा प्यायचे. चवीविषयी न बोललेले बरे.

सुया, लेप आणि दवण्याचे कूळ

काढ्यांखेरीज दुसरा मार्ग सुयांचा. केसासारख्या बारीक सुया ठरावीक बिंदूंवर टोचून वीस-तीस मिनिटे ठेवतात. नाकासाठी नाकपुडीच्या बाजूचा बिंदू महत्त्वाचा मानला जातो. त्याचे नाव 'यिंग-शियांग', म्हणजे 'सुगंधाचे स्वागत'. ज्याचे नाक महिनोन् महिने बंद आहे त्याच्या दृष्टीने याहून सुंदर नाव सापडणे कठीण! याशिवाय भुवयांच्या मधला, अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातला आणि गुडघ्याच्या खालचा असे बिंदू वापरतात.

तिसरा मार्ग आपल्याला नवलाचा वाटेल. चिनी पंचांगात उन्हाळ्यातील सर्वांत उष्ण काळाला 'सान-फू' म्हणतात. तो साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तीस किंवा चाळीस दिवस असतो. या दिवसांत पांढरी मोहरी आणि इतर तिखट द्रव्ये आल्याच्या रसात कालवून त्यांचा लेप पाठीवरील बिंदूंवर काही तास लावतात. हिवाळ्यात उपटणारा रोग उन्हाळ्यातच पकडावा, हा त्यामागील विचार. दम्यासाठी अशा लेपाची कृती झांग लू या वैद्याच्या १६९५ मधील ग्रंथात दिलेली आहे. आजही त्या दिवसांत चीनमधील शहरांतल्या रुग्णालयांपुढे या लेपासाठी रांगा लागतात. लेपाने कातडी लाल होते, कधी फोडही येतात.

सुयांच्या जोडीने त्या बिंदूंना शेकही देतात. या शेकासाठी जी वनस्पती जाळतात ती आर्टेमिसिया कुळातील, म्हणजे आपल्या दवण्याची चुलत बहीण. येथे निसर्गाने थट्टा केली आहे. उत्तर चीनमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात नाकाच्या ॲलर्जीचा जो कहर होतो त्याचे प्रमुख कारण याच आर्टेमिसिया कुळातील रानटी वनस्पतींचे पराग होत. वाळवंटाचे आक्रमण थोपवण्यासाठी तेथे या कुळातील झुडपे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. वाळू थांबली, पण शिंका वाढल्या. एकाच कुळात औषधही आहे आणि आजारही. 'वनस्पती म्हणजे निरुपद्रवी' असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कसोटीचा दगड

आता दुसरा प्रश्न: गुण येतो काय?

'लहान ड्रॅगनच्या काढ्या'तील मुख्य द्रव्य 'मा-ह्वांग', म्हणजे एफेड्रा ही वनस्पती. जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे केले. पुढे पेकिंगमधील वैद्यकीय महाविद्यालयात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी १९२४ मध्ये त्याचा प्रभाव सिद्ध केला. एफेड्रिनने नाकातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज उतरते आणि श्वासनलिका मोकळ्या होतात. त्याचेच भावंड असलेले स्यूडोएफेड्रिन जगभरच्या सर्दीच्या गोळ्यांत गेले. म्हणजे ज्या काढ्याने वाऱ्याला हाकलले असे प्राचीन वैद्याला वाटत होते, त्यात खरोखर काम करणारे द्रव्य होते. स्पष्टीकरण वेगळे निघाले, पण गुण खरा निघाला. मात्र त्याच एफेड्रिनने रक्तदाब वाढतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एफेड्रा असलेल्या पूरक आहाराच्या गोळ्यांवर अमेरिकेला २००४ मध्ये बंदी घालावी लागली, ती यामुळेच.

सुयांची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न अधिक अवघड आहे. गोळीऐवजी खडीसाखरेची गोळी देता येते. सुईऐवजी काय देणार? जर्मनीतील संशोधकांनी यावर तोड काढली. पराग-ॲलर्जीच्या ४२२ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला योग्य बिंदूंवर आठ आठवड्यांत बारा वेळा सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला सुयाच दिल्या नाहीत. गरज पडेल तेव्हा हिस्टामीनविरोधी गोळी घेण्याची मुभा तिघांनाही होती. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा त्रास इतर दोघांपेक्षा कमी होता आणि त्यांना गोळ्याही कमी लागल्या. परंतु शून्य ते सहा गुणांच्या मापावर खऱ्या आणि खोट्या सुयांतील फरक अवघा अर्ध्या गुणाचा होता आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तोही उरला नव्हता. सुयांचा काही उपयोग होतो, पण तो थोडा आणि तात्पुरता, असाच याचा सरळ अर्थ. अमेरिकेतील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या त्याही अशाच बेताच्या आहेत: ज्यांना औषधे नको आहेत त्यांच्यासाठी ॲक्युपंक्चर हा एक पर्याय ठेवता येईल, वनौषधींच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

काढ्यांवर चीनमध्ये पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि अनेकांचे निष्कर्ष अनुकूलही आहेत. अडचण एवढीच की, त्यांपैकी बरेच लहान आहेत, त्यांत रुग्णाला व वैद्याला अंधारात ठेवण्याची दक्षता नाही आणि प्रत्येक प्रयोगातला काढा वेगळा आहे. चिनी वैद्य म्हणतील की, प्रत्येक रुग्णाला वेगळा काढा हेच तर आमचे शास्त्र. हे म्हणणे टाळण्याजोगे नाही. परंतु त्यावर उपाय आहे. वैद्याने आपल्या पद्धतीने प्रत्येकाला काढा लिहून द्यावा आणि तिसऱ्याने चिठ्ठ्या टाकून काहींना खरा व काहींना तसाच दिसणारा खोटा काढा द्यावा. जे खरे आहे त्याला अशा परीक्षेची भीती बाळगण्याचे कारण नाही.

अपायाची बाजू

"हजारो वर्षे वापरात आहे, म्हणजे सुरक्षितच असणार," हा युक्तिवाद आपण आपल्याकडच्या औषधांबाबतही नेहमी ऐकतो. १९९० नंतर ब्रुसेल्समध्ये घडलेल्या प्रकाराने तो कायमचा निकालात काढला. तेथील वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या जात होत्या. 'फांग-जी' या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. निरुपद्रवी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. येथेही शब्द एक आणि अर्थ दोन. परंतु या वेळी वाद न होता माणसे आजारी पडली. विष सावकाश काम करणारे असले, आज घेतलेल्या काढ्याचा परिणाम काही वर्षांनी दिसणारा असला, तर पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवालाही तो संबंध कळत नाही. 'लहान ड्रॅगनच्या काढ्या'तील 'शी-शिन' ही वनस्पती याच कुळातील आहे. त्यामुळे तिचे फक्त मूळच वापरावे, पाने नव्हेत, असा दंडक चीनच्या औषधकोशाने २००५ मध्ये घातला.

दुसरा धोका भेसळीचा. लंडनमधील डॉक्टरांनी त्वचारोगावर दिली जाणारी अकरा 'चिनी वनस्पती' मलमे तपासली. त्यांचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला: अकरांपैकी आठांमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले होते. गुण येत होता, पण तो वनस्पतींचा नव्हता.

तिसरी गोष्ट भेसळ नव्हे, पण ध्यानात ठेवण्याजोगी. 'बी-यान-कांग' नावाच्या चिनी नाकाच्या गोळ्यांत अनेक वनस्पतींबरोबर क्लोरफेनिरामीन हे हिस्टामीनविरोधी औषध असते आणि वेष्टनावर तसे छापलेलेही असते. म्हणजे ज्या गोळीने झोप येते म्हणून आपण ती टाळली, तिचेच द्रव्य चिनी वेषात परत येते! याच गोळ्यांतील एका वनस्पतीचे चिनी नाव 'हंस खात नाही ते गवत' असे आहे. हिंदीत तिलाच 'नकछिकनी' म्हणतात आणि आपल्या देशातही तिचे चूर्ण शिंका काढण्यासाठी नाकात ओढण्याची रीत आहे. दोन प्राचीन देशांना एकाच क्षुद्र तणात नाकाचे औषध दिसावे, हे नवल खरे.

सोलापूरचे डॉक्टर आणि चिनी सुया

चीनच्या वैद्यकाशी आपल्या देशाचा जो अलीकडचा संबंध आला, त्यात महाराष्ट्राचे नाव जोडलेले आहे. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी तेथे आधुनिक शस्त्रवैद्य म्हणून काम केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांचे सहकारी डॉ. बिजोयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याचा प्रसार केला. आपल्याकडे ही विद्या आली ती मुख्यतः या मार्गाने. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदाही आहे.

मात्र ज्याला आपण आज 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणतो, त्याला सध्याचा एकसंध आकार १९५० च्या दशकात आला. १९२९ मध्ये चीनच्याच सरकारपुढे ते बंद करण्याचा ठराव आला होता आणि वैद्यांच्या विरोधामुळे तो मागे पडला. नंतरच्या राजवटीने ग्रंथ निवडले, पाठ्यपुस्तके रचली आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू व चेंगदू येथे चिनी वैद्यकाची चार महाविद्यालये काढली. परंपरा ही नुसती मिळत नसते. ती प्रत्येक पिढी निवडून घेत असते. निवडायचीच असेल, तर डोळसपणे का निवडू नये?

तात्पर्य

मग शिंकणाऱ्या माणसाने काय करावे? प्रथम नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून आपल्याला कशाची ॲलर्जी आहे ते समजून घ्यावे. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल तर नुसत्या काढ्यावर विसंबू नये आणि चालू असलेले औषध कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी सोडू नये. सुयांचा अनुभव घ्यायचा असल्यास रीतसर शिकलेल्या माणसाकडे जावे आणि सुया नव्या, एकदाच वापरावयाच्या आहेत याची खात्री करावी. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. जिच्यावर द्रव्यांची नावे छापलेली नाहीत अशी चिनी, भारतीय किंवा अन्य कोणतीही पुडी पोटात घालू नये. रक्तदाबाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले लोक यांनी तर असे काढे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊच नयेत.

जे जुने ते सोने किंवा जे जुने ते टाकाऊ, ही दोन्ही वाक्ये म्हणायला सोपी आहेत, कारण ती म्हटली की पुढे तपासायचे काही उरत नाही. एफेड्राच्या मुळाशी जाणाऱ्यांना औषध सापडले. 'फांग-जी'च्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मूत्रपिंडे गमावली. वनस्पती दोन्ही चिनीच होत्या, परंपराही एकच होती. फरक पडला तो तपासणीने. चिनी वैद्याने शेकडो वर्षे रुग्णाची जीभ आणि नाडी चिकाटीने पाहिली. तीच चिकाटी आपण त्याच्या आणि आपल्याही औषधांच्या बाबतीत दाखवली, तर शिंकेने बेजार झालेल्याचे काही भले होईल.